पहिल्या डोसाआधी नमुना घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात टेक्निशियन आहे. पंचवीसेक वर्षं हेच काम करते आहे. रक्त, लघवी, थुंकी, पू, पाठीतलं पाणी, व्हेंटिलेटरच्या नळीतला स्राव असे नमुने आमच्याकडे येतात. त्यांत कुठले जंतू आहेत, ते कुठल्या अँटिबायोटिकला दाद देतात आणि कुठल्याला देत नाहीत, हे आम्ही शोधून सांगतो. सगळे याला ‘कल्चर’ म्हणतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतं आणि दोष बहुतेक वेळा रुग्णाच्या माथी मारला जातो. गोळ्या अर्धवट सोडल्या, मेडिकल स्टोअरमधून परस्पर घेतल्या, वगैरे. तसं होतंच. मात्र रुग्णालयाच्या आत, वॉर्डात, रोज जे होतं त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

रुग्ण भरती होतो. पहिल्याच तासात अँटिबायोटिक सुरू होतं. दोन-तीन दिवस ताप उतरत नाही, मग औषध बदलतात. तेही लागू पडत नाही, आणि तेव्हा कोणीतरी म्हणतं, “एक कल्चर पाठवून बघू या.” माझी कळकळीची विनंती आहे की हा क्रम उलटा करा. नमुना आधी घ्या, डोस मग द्या.

कारण अवघड नाही. अँटिबायोटिक रक्तात गेलं की जंतू सगळेच्या सगळे मरत नसले तरी दबतात. असं रक्त कल्चरच्या बाटलीत घातलं तर ते तिथे वाढतीलच याची खात्री नाही. काही बाटल्यांत औषध शोषून घेणारं रेझिन असतं, त्याची मदत होते, पण ती पुरेशी पडेलच असं नाही. बाटली पाच दिवस यंत्रात ठेवून शेवटी आम्ही लिहितो, ‘नो ग्रोथ’. वॉर्डात त्याचा अर्थ एक तर ‘इन्फेक्शन नाही’ असा लावतात, नाही तर ‘लॅबला काही सापडत नाही’ असा. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. सापडायचं ते पहिल्या दिवशी रुग्णाच्या रक्तात होतं आणि त्या दिवशी कोणी ते रक्त घेतलं नाही.

कोणी विचारेल, रुग्णाचं बीपी खाली चाललंय, शुद्ध हरपत चाललीय, तिथे रिपोर्टची वाट बघत बसायचं का? मुळीच नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगात भिनून बीपी कोसळतं तेव्हा, अँटिबायोटिक तासाभरात गेलंच पाहिजे, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच सूचना हेही सांगतात की डोसाला उशीर न होऊ देता आधी रक्ताचं कल्चर घ्या. थांबायचं कशासाठीच नाही, फक्त रक्त अगोदर काढायचं. त्वचा नीट साफ करून दोन हातांतून कल्चरच्या बाटल्यांचे दोन संच घ्यायला हात बसलेल्या सिस्टरला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्यासाठी बाटल्या मात्र कॅज्युअल्टीत आणि वॉर्डात हाताशी हव्यात. रात्री दोन वाजता बाटल्या स्टोअरच्या कपाटात आणि किल्ली स्टोअरवाल्याच्या घरी, अशी स्थिती असेल तर त्या सिस्टरला बोल लावण्यात अर्थ नाही.

आमच्या खिडकीशी नातेवाईक येतात. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, पलीकडून बालाघाट-छिंदवाड्याहूनही. बिचारे रात्रभर रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपलेले असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, शुगरचा रिपोर्ट घंट्याभरात भेटते, ह्याच्यालेच तीन दिवस काहून लागते जी?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी नेहमी सविस्तर देते, कारण ते कळलं की माणसं स्वतःच डॉक्टरांना ‘कल्चर घेतलं का’ असं विचारू लागतात.

रक्ताची बाटली यंत्रात जाते. आत जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाशी असलेला सेन्सर तो ओळखतो आणि यंत्र इशारा देतं. इन्फेक्शन जोरात असेल तर हे दहा-बारा तासांतही होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत होतं. त्या बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन आम्ही ग्राम स्टेन करतो. जंतू जांभळे दिसतात की गुलाबी, गोल आहेत की दांडीसारखे, एवढं अर्ध्या तासात कळतं आणि आम्ही लगेच वॉर्डात फोन लावतो. या फोनला फार महत्त्व आहे. निम्मा निर्णय तिथेच होऊ शकतो. पण फोन उचलणाऱ्याने तो निरोप लिहून डॉक्टरांपर्यंत पोचवला तरच.

मग तोच थेंब आगरच्या, म्हणजे जंतूंचं खाद्य असलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. सकाळी झाकण उघडलं की ओळख पटू लागते. मॅकॉन्की आगरवर ई. कोलाय या जंतूच्या वसाहती (वाढलेले ठिपके) गुलाबी आणि कोरड्या दिसतात. क्लेबसिएलाच्या फुगीर, ओल्या, आणि काहींना लूप लावून उचललं तर गुळाच्या पाकासारखी तार सुटते. स्यूडोमोनासची प्लेट हिरवट पडते आणि खोलीत एक गोडसर वास भरतो, त्यावरूनच आम्ही एकमेकींकडे बघतो. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध चालतं याची चाचणी. जंतू सलाईनमध्ये कालवून ठरावीक गढूळपणा आणायचा, कापसाच्या स्वॅबने म्युलर-हिंटन आगरच्या प्लेटवर सगळीकडे सारखा फिरवायचा आणि वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. कर्बी-बाउर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९६६ पासून प्रमाण मानली जाते. १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या प्लेटवर सेफॉक्सिटिनचं वर्तुळ २२ मिलिमीटर भरलं तर नेहमीची औषधं चालतील. २१ भरलं तर तो एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, त्याची औषधं वेगळी. एका मिलिमीटरने माणसाचा उपचार बदलतो, म्हणून मोजपट्टी धरताना आमच्यापैकी कोणी बोलत नाही. मोठ्या लॅबमध्ये हे काम आता यंत्रं करतात, वेळही थोडा वाचतो, तरी जंतू वाढायला लागणारा वेळ कुठल्या यंत्राला टाळता आलेला नाही.

मी कामाला लागले तेव्हा इमिपेनेम-मेरोपेनेम या राखीव, जबर अँटिबायोटिकच्या चकतीभोवती वर्तुळ नाही अशी प्लेट निघाली की आमचे सर आधी चकत्यांची एक्स्पायरी तपासायला लावायचे आणि चाचणी पुन्हा करायला सांगायचे. इतकं ते अघटित वाटायचं. आता आयसीयूतून आलेल्या नमुन्यांत अशा प्लेट नेहमीच्या झाल्या आहेत. चकत्या आपापल्या जागी आहेत आणि प्रत्येकीच्या कडेपर्यंत जंतूंचा सलग थर आहे. ती प्लेट हातात धरून रिपोर्ट लिहायला बसणं मला अजूनही जड जातं, कारण खाटेवरच्या माणसासाठी आता एक-दोनच औषधं उरलीत हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळलेलं असतं.

मेरोपेनेमला न जुमानणारा जंतू सापडला म्हणजे काम संपलं असंही नाही. तो कुठल्या हत्याराने औषध तोडतो हे कळणं गरजेचं असतं. एनडीएम नावाचं विकर (एन्झाइम) २००९ साली जगासमोर आलं. २००८ मध्ये भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या नमुन्यातल्या क्लेबसिएलात ते सापडलं होतं. नावात ‘न्यू दिल्ली’ आल्यामुळे तेव्हा आपल्याकडे मोठा वाद झाला. वाद विरला, विकर राहिलं. आज आपल्या देशात एनडीएम आणि ऑक्सा-४८ गटातली विकरं प्रामुख्याने आढळतात आणि दोघांचे उपचार वेगळे आहेत. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे महागडं औषध ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही, जोडीला ॲझट्रिओनाम लागतं. कुठलं विकर आहे हे न बघता ते इंजेक्शन लावलं तर कुटुंबाने दागिने मोडून आणलेला पैसा वाया जातो आणि रुग्णाचे दिवसही वाया जातात. प्लेटवरच्या वसाहतीवरून साधारण पाव तासात ही विकरं ओळखणाऱ्या पट्ट्या आता मिळतात, जीन एक्स्पर्टच्या यंत्रावर तासाभरात होणारी चाचणीही आहे. निदान आयसीयूतल्या रुग्णांसाठी तरी त्या वापरात याव्यात.

कॉलिस्टिनबद्दलही सांगायला हवं, कारण ते शेवटच्या फळीतलं औषध आहे. त्याची चाचणी कागदी चकतीने भरवशाची होत नाही, कारण औषधाचा रेणू मोठा असतो आणि आगरमध्ये नीट पसरत नाही. ती द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण निम्मं-निम्मं करत नेऊन करावी लागते. कॉलिस्टिनसमोर वर्तुळाचे मिलिमीटर छापलेला रिपोर्ट हातात पडला तर डॉक्टरांनी लॅबला जाब विचारावा. लॅबचं काम तपासणं हाही रुग्णाच्या भल्याचा भाग आहे, त्यात आम्हाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

हे सगळं घरातही अनुभवलं आहे. माझे सासरे काटोलला असतात. प्रोस्टेटच्या त्रासामुळे त्यांना कॅथेटर होतं. एकदा थंडी वाजून ताप भरला म्हणून दिरांनी त्यांना नागपूरला आणून एका खासगी रुग्णालयात भरती केलं. मी ड्युटी संपवून पोचले तेव्हा सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. कल्चर पाठवलं का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “आधी रिस्पॉन्स बघू, गरज वाटली तर पाठवू.” मी विनवलं, तरी ‘उद्या बघू’ झालं. चौथ्या दिवशी औषध बदलताना लघवी आणि रक्त पाठवलं, तेही लघवी कॅथेटरच्या पिशवीतून काढून. रक्तात काही वाढलं नाही. लघवीत तीन प्रकारचे जंतू वाढले, म्हणजे नमुनाच दूषित होता, त्यावरून काही सांगता येत नव्हतं. पुढे तिसरं, मग चौथं औषध झालं. बाबा बरे झाले, घरी आले, आता अंगणात बसून पेपर वाचतात. पण त्यांना कुठल्या जंतूने पाडलं आणि ते कशाने उठले, हे त्यांच्या फाइलमध्ये कुठेही नाही. पुन्हा ताप आला तर पुढच्या डॉक्टरांना सुरुवात अंधारातूनच करावी लागेल. ते रुग्णालय वाईट होतं असं मी म्हणत नाही. तिथल्या सिस्टर जीव ओतून काम करत होत्या. पण ‘गरज वाटली तर’ हे तीन शब्द ऐकून आजही माझ्या पोटात खड्डा पडतो... गरज पहिल्या मिनिटाला असते.

नमुना वेळेवर घेतला पण नीट घेतला नाही, तर तोही वाया जातो. बाबांच्या वेळी झालं तसं लघवीच्या पिशवीतून घेऊ नये. कॅथेटरला नमुन्यासाठी जागा असते, ती स्पिरिटने पुसून तिथून सिरिंजने लघवी घ्यावी. लघवी दोन तासांत लॅबला पोचावी, नाही तर फ्रिजमध्ये ठेवावी. हे पुस्तकी वाटतं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात याची किंमत कळते. आमचा इन्क्युबेटर ३५ ते ३७ अंशांवर असतो आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं. हिंगण्याहून किंवा कामठीहून मोटरसायकलच्या डिकीत आलेल्या डबीत ई. कोलायला पोषक ऊब मिळाली तर दर २० मिनिटांना तो दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत ६४ पट. नमुन्यात जंतू नावापुरते असले तरी आमच्याकडे पोचेपर्यंत तो ‘इन्फेक्शन’ म्हणून दिसू लागतो आणि ज्याला औषधाची गरज नाही त्याला औषध सुरू होतं. बर्फाच्या दोन पिशव्या आणि थर्मोकोलचा डबा एवढ्याने हे टळतं. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांचं याच्या उलट आहे. त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर पोचवायच्या असतात. काही वॉर्डांत त्या काळजीपोटी फ्रिजमध्ये जातात, आणि नाजूक जंतू तिथेच गारठून मरतात.

रक्त किती घ्यायचं हेही सांगायला हवं. मोठ्या माणसासाठी एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर लागतं, कारण रक्तात जंतू अतिशय विरळ असतात, कधी कधी एका मिलिलिटरमध्ये एखादाच. आमच्याकडे दोन मिलिलिटर घातलेल्या बाटल्या येतात. ‘एवढं रक्त कशाला’ म्हणून नातेवाईक हात धरतात, सिस्टर नाइलाजाने थांबते. त्या वेळी डॉक्टरांनी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर कोणी अडवत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि एकच बाटली आली आणि त्यात त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस वाढला, तर तो खरा की सुई टोचताना आत गेलेला, हे ठरवायला काही आधार राहत नाही. दोन संच मागायचे ते यासाठी.

टायफॉईडचं नाव काढल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. आपल्याकडे ताप चार दिवस राहिला की ‘विडाल’ ही रक्ताची चाचणी करतात, त्यात काहीतरी ‘पॉझिटिव्ह’ निघतं आणि ‘टायफॉईड निघाला’ म्हणून आठवडाभर इंजेक्शनं चालतात. एका विडालवरून टायफॉईड ठरवणं भरवशाचं नाही, आणि त्यातून कुठलं औषध चालेल हे तर कधीच कळत नाही. रक्ताचं कल्चर पहिल्या आठवड्यात, औषधाआधी घेतलं तर जंतू हाती लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते. सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्या देशात टायफॉईडवर बव्हंशी निकामी झालं आहे. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रायॅक्झोन या इंजेक्शनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. तसा जंतू उद्या इथे आला तर तो विडालच्या नळीत दिसणार नाही.

कल्चरमधून दर वेळी वाईटच बातमी निघते असं समजू नका. लघवीत जळजळ म्हणून आलेल्या कितीतरी बायकांच्या नमुन्यातला ई. कोलाय नायट्रोफ्युरँटॉइनसारख्या जुन्या, स्वस्त गोळीला आजही दाद देतो. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी इंजेक्शन बंद करून गोळी लिहून दिली की बाई सुट्टी घेऊन घरी जाते. रिपोर्ट वाचून औषध खाली आणणं हे मोठ्या डॉक्टराचं लक्षण मी मानते. कल्चरच्या खर्चाची तक्रार होते, ती गरिबाच्या बाबतीत खरी आहे, म्हणूनच सरकारी रुग्णालयांत ही तपासणी कुठल्याही वेळी मिळायला हवी. पण मोठं इंजेक्शन दिवसातून तीनदा चालू असतं, तेव्हा एक-दोन दिवसांच्या इंजेक्शनांच्या पैशांत बहुतेक वेळा कल्चर होऊन जातं, हा हिशोबही घरच्यांसमोर मांडावा.

लॅबला आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या आधी दिसते. एका आयसीयूतल्या शेजारशेजारच्या खाटांवरून तीन रुग्णांचे नळीतले स्राव थोड्या दिवसांच्या अंतराने आले. तिन्हींत ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू, आणि तिघांची सेन्सिटिव्हिटी अक्षरशः सारखी. तीन माणसं स्वतंत्रपणे एकच जंतू घेऊन आली असं सहसा होत नाही, तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेलेला असतो. आमच्या मॅडमनी रिपोर्ट छापायच्या आधी आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरना फोन केला. हात धुण्याची जागा, सक्शनचं सामान, खाटांचे कठडे, सगळं पुन्हा तपासून धुवून काढलं. त्यानंतर तसा नमुना बराच काळ आला नाही. नमुने वेळेत आले नसते तर हे साखळीसारखं लांबत गेलं असतं आणि प्रत्येक मृत्यू ‘मूळ आजाराने’ म्हणून नोंदला गेला असता.

आता शहराचा विचार करू. रुग्णालय वर्षभराच्या कल्चरवरून एक तक्ता बनवू शकतं. कुठला जंतू कुठल्या औषधाला शंभरांत किती वेळा दाद देतो, असा. त्याला अँटिबायोग्रॅम म्हणतात. नव्या रुग्णाला रिपोर्ट येईपर्यंत काय द्यायचं हे त्या तक्त्यावरून ठरवायचं असतं. पण कल्चर फक्त बिघडलेल्या रुग्णांचंच पाठवलं, तर तक्त्यात फक्त बिघडलेल्यांचेच जंतू येतात. साध्या औषधाने बरे झालेल्यांची नोंदच नसते. मग तक्ता सांगतो की साधी औषधं इथे चालतच नाहीत. डॉक्टर तो बघून पहिल्याच दिवशी मेरोपेनेम लिहितात, त्याने मेरोपेनेमला न जुमानणारे जंतू आणखी वाढतात आणि पुढच्या वर्षीचा तक्ता आणखी वाईट निघतो. उशिरा पाठवलेलं कल्चर असं सगळ्या गावाला महाग पडतं, आणि मला याचीच चिंता सगळ्यांत जास्त वाटते.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणारं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) सर्वेक्षण जाळं २०१३ पासून आहे, त्याचे वार्षिक अहवाल निघतात, पण त्यातली माहिती प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांची असते. धंतोली-रामदासपेठेतल्या नर्सिंग होममध्ये, उमरेड-सावनेरच्या दवाखान्यांत काय चाललंय ते त्यातून दिसत नाही. केरळने २०१८ साली देशात सर्वांत आधी या विषयावर राज्याचा कृती आराखडा केला आणि पुढे राज्याचा अँटिबायोग्रॅमही प्रसिद्ध केला. आपल्याकडे मेडिकल, मेयो ही दोन वैद्यकीय महाविद्यालयं आणि एम्स अशा तीन सरकारी संस्था एकाच शहरात आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणीही झाली. माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांतले जंतू एकत्र अभ्यासायचे हा तिचा विषय. इतकं असताना नागपूर शहराचा एकत्रित तक्ता काढणं अवघड नाही. अशा नोंदींसाठीचं जागतिक आरोग्य संघटनेचं व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एका रुग्णाचा एका वर्षात एका जातीचा पहिलाच जंतू मोजायचा आणि ज्या जंतूचे ३० नमुने भरत नाहीत त्याची टक्केवारी काढायची नाही, हे नियमही ठरलेले आहेत. सरकारी आणि खासगी लॅबनी रुग्णांची नावं गाळून नोंदी द्यायच्या, तिन्ही संस्थांच्या मायक्रोबायोलॉजी विभागांनी त्या तपासून वर्षातून एकदा प्रसिद्ध करायच्या. खासगी लॅबमध्ये काम करणारी म्हणून सांगते, नोंदी आमच्या संगणकात पडून आहेत. त्या आजवर कोणी मागितल्या नाहीत.

टीबीच्या बाबतीत हे करून दाखवलं आहे. थुंकीच्या नमुन्यातून रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू दोनेक तासांत ओळखणारी सीबीनॅट यंत्रं सरकारने जिल्ह्या-जिल्ह्यांत बसवली, आणि टीबीच्या प्रत्येक रुग्णाची औषधाला दाद तपासायची असं धोरण केलं. मग गडचिरोलीतल्या सेप्सिसच्या रुग्णाचं रक्त कल्चरला लागायला तो नागपूरला पोचेपर्यंत का थांबायचं? तोवर तीन ठिकाणी तीन इंजेक्शनं झालेली असतात. जिल्हा रुग्णालयात कल्चरचं यंत्र, एक मायक्रोबायोलॉजिस्ट आणि पाळ्यांत काम करणारे टेक्निशियन द्या. रविवारी आणि रात्री लॅब बंद असते म्हणून शनिवारी संध्याकाळी भरती झालेल्याचं कल्चर सोमवारी जातं, हे तरी लगेच थांबवता येईल. तालुक्याच्या दवाखान्यात यंत्र नको, बाटल्या ठेवा. रक्त तिथेच काढून बाटली त्याच रुग्णवाहिकेतून रुग्णाबरोबर पाठवा. बाटलीवर नाव, वेळ आणि त्याआधी कुठलं औषध दिलं एवढं लिहिलं तरी आम्हाला पुष्कळ कळतं. ‘आधीची औषधं’ हा आमच्या फॉर्मवरचा रकाना दहांपैकी आठ वेळा कोरा येतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. कळमना बाजारातले संत्र्याचे भाव आपण नेमाने छापता. तसा शहराचा अँटिबायोग्रॅम वर्षातून एकदा छापायची तयारी आपण जाहीर केली, तर तो बनवणाऱ्यांवर थोडा दबाव येईल. लोकांसाठी पूर्ण तक्ता लागणार नाही. रक्त आणि लघवी यांची दोन कोष्टकं, त्यांत ई. कोलाय, क्लेबसिएला, स्टॅफिलोकॉकस आणि टायफॉईडचा जंतू, आणि नेहमीच्या सात-आठ औषधांची नावं पुरेत. आयसीयूतले नमुने आणि ओपीडीतले नमुने मात्र वेगळे दाखवावेत, नाही तर ओपीडीतल्या साध्या रुग्णालाही आयसीयूतलं औषध सुरू होईल.

आपली,
एक लॅब टेक्निशियन
प्रतापनगर, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)